सात बेटांचा नकाशा आणि त्याखाली बुडालेले खाजण

१/ इतिहासप्रेमी पानांवर एक नकाशा वर्षातून दोनचार वेळा तरी अवतरतो. निळ्या पार्श्वभूमीवर सात हिरवे तुकडे : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. खाली ठरलेली ओळ असते : ‘१६६१ साली पोर्तुगीजांनी इंग्रजांना आंदण दिलेली मुंबई.’ हजारो वाचक तो पुढे पाठवतात. अडचण एवढीच, की हा नकाशा १६६१ सालचा नाही. ज्या मुंबईचे तो चित्र म्हणून मिरवतो, ती मुंबई त्या काळच्या कोणी अशी पाहिली असण्याची शक्यताही फार थोडी आहे.

२/ प्रथम कागद पाहू. १६६१ च्या विवाह-तहात ब्रागांझाच्या कॅथरीनबरोबर दुसऱ्या चार्ल्सला जे मिळाले, त्याचा उल्लेख तहात ‘बंदर आणि बेट’ असा आहे. बेट, एकवचनी. प्रत्यक्ष ताबा १६६५ साली मिळाला आणि लगेच हद्दीवरून वाद पेटला. माहीम या दानात येते की नाही, यावर पोर्तुगीज आणि इंग्रज अधिकारी हमरीतुमरीवर आले. सात बेटे स्पष्ट दिसत असती, तर त्यांची नावे लिहून हा तंटा टाळता आला असता.

३/ मग ‘सात’ आले कोठून? दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात पश्चिम किनाऱ्यालगत ‘हेप्टानेशिया’ असा शब्द आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सात बेटांचा समूह. हा समूह म्हणजेच मुंबई, असे एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी ठरवून टाकले. ते मत वादग्रस्त आहे; पण ग्रीक नाव मिळाले की शहराला वंशावळ मिळाल्याचा आनंद होतो, आणि तो आनंद अजून ओसरलेला नाही.

४/ नकाशाची खरी जन्मकथा याहून रंजक आहे. १८३० च्या दशकात आर. एक्स. मर्फी नावाच्या विद्वानाने बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. चौदाव्या शतकात मुंबई हे एकसंध बेट नसून दोन किंवा अधिक स्वतंत्र बेटे असावीत, असे मानण्याची कारणे त्यात दिली होती. दोन किंवा अधिक. सात हा आकडा अजून पक्का झालेला नव्हता. आणि निबंधाच्या शीर्षकातच मुंबईत वसलेल्या सर्वांत जुन्या जमातींच्या इतिहासाचा निर्देश होता.

५/ म्हणजे काय घडले, ते नीट पाहिले पाहिजे. जुन्या रहिवाशांची परंपरा, गावांची आणि खाड्यांची नावे यांच्या आधारे एक अनुमान मांडले गेले. पुढे एस. एम. एडवर्ड्सच्या ‘राइझ ऑफ बॉम्बे’ (१९०२) या ग्रंथाने आणि १९०९-१० च्या मुंबई शहर गॅझेटियरने त्याला सरकारी प्रतिष्ठा दिली. अनुमानाचे चित्र झाले आणि चित्राचा ‘पुरावा’ झाला. आज तोच नकाशा दाखवून कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना सांगितले जाते, की तुमच्या गोष्टी या गोष्टीच. इतिहास हा असा असतो.

६/ ज्या मौखिक परंपरेच्या खांद्यावर नकाशा उभा राहिला, तिलाच त्याने अविश्वसनीय ठरवले. याला विद्वत्ता म्हणावयाचे असेल तर म्हणावे.

७/ आता नकाशात जे नाही, त्याकडे वळू. निळा म्हणजे समुद्र, हिरवा म्हणजे जमीन. तिसरा रंगच नाही. उत्तर कोकणातल्या कोणाही शेतकऱ्याला किंवा मच्छीमाराला विचारले, तर तो या दोहोंमधली एक तिसरी वस्तू सांगेल : खाजण. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला चिखल. कोठे तिवरे, कोठे मिठागर, तर कोठे बांध घालून काढलेले खारे भात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात त्याची सीमा एका ठिकाणी असते आणि अष्टमीच्या भांगाला दुसऱ्या ठिकाणी.

८/ तिथीप्रमाणे सरकणारी ही सीमा शाईच्या एका रेघेत मावत नाही. सतराव्या शतकातील इंग्रज कागदपत्रांत मुंबईचे वर्णन येते ते बुडीत जमिनींचे बेट म्हणून. १६७० च्या दशकात येथे आलेला डॉक्टर जॉन फ्रायर बेटाच्या मध्यभागी पाण्याखाली गेलेल्या चांगल्या जमिनीबद्दल लिहितो. ‘बुडीत जमीन’ आणि ‘समुद्र’ यांत फरक आहे. बुडीत जमिनीला मालक असतो.

९/ आणि मालक होतेच. कंपनीने १६६८ साली वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने हे बेट राजाकडून घेतले. नंतर गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याला १६७२ साली येथील जमीनधारकांशी करार करावा लागला. वर्षाला वीस हजार शेराफिन नाण्यांच्या बदल्यात जमिनीवरील त्यांचे हक्क मान्य करण्यात आले. ओसाड बेटांच्या समूहाशी कोणी करार करीत नाही. सात हिरव्या तुकड्यांचा नकाशा पुढे पाठवणाऱ्या पानांवर या कराराचा उल्लेख सहसा सापडत नाही.

१०/ खाजणातून भात काढणे हा एका माणसाचा उद्योग नव्हता. मातीचा बांध, त्यातली उघाडी, ती केव्हा सोडायची आणि केव्हा बंद करायची याचे ज्ञान, बांध फुटला की रातोरात धावून जाणारे गाव, हे सारे त्यामागे होते. आगरी मीठ आणि भात पिकवीत, भंडारी माडांवर चढत, कोळी खाडीच्या मुखाशी डोल लावीत, आणि चिखलातले खेकडे आणि निवट्या यांवर गरिबाचे पोट भरत असे. नकाशातील निळा रंग या सर्वांवरून फिरवलेला आहे.

११/ शहराने ही नावे मात्र पुसली नाहीत. पायधुणी म्हणजे खाडीचे पाणी ओलांडून आल्यावर पाय धुण्याची जागा. उमरखाडी, चिंचबंदर, डोंगरी, मांडवी. आणि शीव, म्हणजे वेस. दररोज ऐकू येणारी ही नावे कोणत्याही दप्तराइतकी बोलकी आहेत. कोणी म्हणेल, नावांची व्युत्पत्ती हा घसरडा प्रांत आहे. अगदी खरे. त्याच घसरड्या प्रांतात ‘बॉम बाइया’, म्हणजे पोर्तुगीजांचे ‘सुंदर उपसागर’, अजून सुखेनैव नांदत आहे. पोर्तुगीजमध्ये उपसागर हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने ‘बोआ’ हवे, हे व्याकरण कोणी पाहत नाही.

१२/ फोरास रोड हे नाव आज वेगळ्याच कारणाने ओळखले जाते. त्याचा मूळ अर्थ क्वचितच कोणाला ठाऊक असतो. ‘फोरो’ हा पोर्तुगीज शब्द जमिनीवरच्या साऱ्याचा. भरतीच्या पाण्यातून बाहेर काढलेल्या सखल जमिनी हलक्या साऱ्यावर कसणाऱ्यांना दिल्या गेल्या, त्या फोरास जमिनी. म्हणजे मुंबईचा एक मोठा भाग समुद्रातून ‘जिंकला’ तो शेतकऱ्याच्या कुदळीने. त्या कुदळीचे तैलचित्र टाउन हॉलमध्ये लागलेले नाही.

१३/ येथे हॉर्नबी वेलार्डची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती दोन प्रकारे सांगितली जाते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरून बेटाचा मध्य बुडवीत असे. ते बुजवण्यासाठी बांध घातला गेला. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर होता आणि बांधाला त्याचेच नाव मिळाले.

१४/ पहिली गोष्ट इंग्रजी पुस्तकांतली. लंडनच्या संचालकांनी खर्चाला नकार दिला, हॉर्नबीने न जुमानता काम रेटले, आणि पदावरून गेला तो याच अवज्ञेमुळे. दुसरी गोष्ट मराठी घरांतली. बांध पुनःपुन्हा ढासळू लागला. तेव्हा रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली. समुद्रातून आपल्याला वर काढ, मग बांध टिकेल, असे तिने सांगितले. मूर्ती मिळाल्या, बांध उभा राहिला आणि जवळच महालक्ष्मीचे देऊळ झाले.

१५/ पहिली गोष्ट ‘इतिहास’ म्हणून छापली जाते आणि दुसरी ‘दंतकथा’ म्हणून. दोन्हींची ठेवण पाहिली तर दोन्ही एकाच जातीच्या : एकट्या पुरुषाचे धैर्य, वरिष्ठांची किंवा समुद्राची आडकाठी, शेवटी विजय. एकीत साहेब दूरच्या मालकाचे ऐकत नाही, दुसरीत कंत्राटदार देवीचे ऐकतो. गोऱ्या माणसाची आख्यायिका पुनरुक्तीने इतिहास होते आणि काळ्या माणसाचे स्वप्न स्वप्नच राहते. हा निवाडा पुराव्याने केलेला नाही.

१६/ देवी खरोखर स्वप्नात आली का, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. कथेने जतन केलेल्या गोष्टी महत्त्वाच्या : बांध एका प्रयत्नात झाला नाही, तो फुटत होता. बांधणाऱ्याचे नाव रामजी शिवजी होते. समुद्राला हटवताना समुद्रातल्या देवतेला जागा द्यावी लागते, अशी लोकांची धारणा होती. रस्त्याच्या पाटीने हॉर्नबीचे नाव टिकवले, रामजीचे कथेने. दगड वाहणाऱ्यांची नावे दोन्हींत नाहीत. कामाठीपुरा या वस्तीच्या नावात तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांची आठवण आहे, तेवढीच.

१७/ मुंबादेवीची कथाही अशीच वाचावी लागते. मुंबारक नावाचा दैत्य वर मिळाल्याने माजला. देवांच्या तेजातून अष्टभुजा देवी प्रकटली आणि तिने त्याला जमीनदोस्त केले. मरताना त्याने मागणे मागितले, की माझे नाव तू धारण कर. गर्सन द कुन्हा यांच्यासारख्या अभ्यासकाने या दैत्यात दिल्लीच्या मुबारक शाह खलजीची सावली पाहिली. ते सिद्ध होण्यासारखे नाही. पण जिंकणारी देवता पराभूताचे नाव वागवते ही कल्पना एखाद्या गॅझेटियरला सुचली नसती.

१८/ या देवीचे जुने स्थान बोरीबंदराच्या बाजूला, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. अठराव्या शतकात ते तेथून हलले. शहराला जिचे नाव, तिलाच शहराने जागा बदलायला लावली. कोळ्यांची ही देवता विस्थापितांमधील पहिली नव्हे आणि शेवटची तर नव्हेच.

१९/ आता उलट बाजूच्या मंडळींनी खूश होण्याचे कारण नाही. पुराणकथा हाती लागली की तिचे थेट पंचांग करणारा एक वर्ग याच माध्यमांवर मोठ्या उत्साहाने वावरतो. वाळकेश्वरी रामाने वाळूचे लिंग केले, बाण मारून गंगा आणली. म्हणून हे शहर अमुक हजार वर्षांचे, असा हिशेब मांडला जातो. बाणगंगेची कथा रामाच्या वास्तव्याचा पुरावा देत नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडे पाणी उफाळते, आणि या आश्चर्यासाठी लोकांना देवाच्या बाणाखेरीज कारण सापडले नाही, हे ती सांगते. खाऱ्या बेटावर गोडे पाणी कोठे आहे, ही कोणत्याही वस्तीची पहिली माहिती. ती कथेत जपली गेली.

२०/ ‘महिकावतीची बखर’ हे याचे उत्तम उदाहरण. तिचा जुना भाग पंधराव्या शतकातला. बिंब राजाने उत्तर कोकणात येऊन वस्ती बसवल्याचा वृत्तांत तिच्यात आहे. बिंब कोणता, बाराव्या शतकातला की तेराव्याच्या अखेरचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. राजवाड्यांनी १९२४ साली बखर प्रसिद्ध करताना कालगणनेतला घोळ पाहून ती फेकून दिली नाही. त्यांनी ती फोडून पाहिली : कोणता भाग केव्हाचा, कोणाच्या हिताचा, कोणते कूळ कोणत्या हक्कासाठी बोलते आहे. दंतकथेला हात लावायचा तर या रीतीने. अन्यथा लावू नये.

२१/ छायाचित्रांचा मोह याहून घातक, कारण छायाचित्र खोटे बोलत नाही असा समज अजून टिकून आहे. १८६० च्या आसपासच्या मुंबईचे चित्र टाकून ‘किती शांत होती मुंबई’ असा उसासा सोडला जातो. त्या काळच्या ओल्या काचेच्या तंत्रात भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. इमारत स्थिर, म्हणून उमटली. हमाल, पाणके, पालखीचे भोई हलत होते, म्हणून विरले किंवा धुरकट रेषा होऊन राहिले. गर्दीचा बाजार त्या काचेवर निर्मनुष्य दिसतो. राबणारा माणूस राबत असल्यामुळेच चित्रातून गळाला आणि पुढच्या पिढ्यांनी त्या रिकामपणाला अभिजात म्हटले.

२२/ याउलट जेथे माणसे स्पष्ट दिसतात, तेथे अधिक सावध राहावे. विल्यम जॉन्सन या सनदी नोकराने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील ‘जाती-जमातीं’च्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातील कित्येक चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली, मागचे दृश्य दुसरीकडचे. नंतर दोन्ही जोडलेली. आज या चित्रांना रंग भरून ‘आपले पूर्वज’ म्हणून फिरवले जाते. ते पूर्वज त्या जागी कधी उभे नव्हते. प्रत्येक माणसाला त्याच्या जातीच्या खणात उभे करण्याची गरज कॅमेऱ्यामागच्या राज्यकर्त्याची होती. मग जोडकाम निरुपयोगी ठरते का? नाही. दागिना, पागोटे, नेसण, हातातले अवजार यांबद्दल ते बरेच काही सांगते. मात्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर चित्र देऊ शकते आणि कोणत्याचे नाही, हे ठरवल्याशिवाय ते पुढे ढकलणे म्हणजे १८६३ च्या साहेबाची उरलेली चाकरी विनावेतन करणे.

२३/ मौखिक साधनांविरुद्धचा नेहमीचा आक्षेप असा, की माणसे विसरतात आणि रंगवून सांगतात. दप्तरेही रंगवून सांगतात. त्यांना शिक्का असतो इतकेच. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील सुमारे शंभर जणांच्या मुलाखतींवर उभारलेला इतिहास २००४ साली आला. १९८२ च्या संपाच्या सरकारी नोंदीत संपकऱ्यांची संख्या मिळते. संप वर्षभर लांबल्यावर चाळीतल्या चुली कशा पेटत राहिल्या, कोणाच्या बायकोने कोणते काम धरले, हे त्या आवाजांखेरीज कोठेही मिळत नाही. एकाचे सांगणे दुसऱ्याशी जुळले नाही, तर ती विसंगतीही इतिहासकाराच्या कामाची असते.

२४/ सात बेटे सर्वस्वी खोटी होती काय? असे म्हणणेही अप्रामाणिक ठरेल. कुलाबा उर्वरित मुंबईपासून तुटलेला होता. १८३८ साली कॉजवे पूर्ण होईपर्यंत भरतीला होडी आणि ओहोटीला पाऊलवाट अशी तेथील ये-जा होती. पण नकाशाने एका टोकाच्या या स्थितीचा साचा करून साऱ्या बेटावर दाबला आहे. भायखळ्याची दलदल आणि कुलाब्याची सामुद्रधुनी त्याच्या निळ्या रंगात एक होऊन जातात.

२५/ दोन रंगांचा हा साचा सोयीचा आहे, म्हणून तो टिकला. मुळात तेथे पाणीच होते असे एकदा ठरले, की भराव टाकणारा तोच त्या जमिनीचा जनक ठरतो. कंपनी, १८६० च्या दशकातील कापसाच्या पैशाने फुगलेल्या आणि १८६५ साली फुटलेल्या बॅकबे योजना, १९२० च्या दशकातील सरकारी भराव : प्रत्येकाला ‘आम्ही जमीन निर्माण केली’ असे म्हणता आले. निर्माण केलेल्या जमिनीवर आधीचा हक्क कोणाचा असणार? ‘समुद्र हटवून वसवलेले शहर’ हे वाक्य मुंबईच्या कौतुकासाठी उच्चारले जाते. खाजणातल्या माणसाच्या दृष्टीने ती जमिनीच्या मालकीची पावती आहे, दुसऱ्याच्या नावाने फाडलेली.

२६/ हिंदमाता चौकात मोठ्या पावसात गुडघाभर पाणी साचते, तेव्हा वाहिन्यांवर त्याला ‘तुंबणे’ म्हणतात. परळ-दादरच्या त्या बशीसारख्या सखल भागात पाणी येणे ही खाजणाची जुनी सवय आहे. दोन रंगांच्या नकाशावर ती दिसत नाही, म्हणून दर वर्षी नवल वाटते.

२७/ आणि हे सारे केवळ जुन्या कागदांपुरते असते, तर इतका वाद घालण्याचे कारण नव्हते. सागरी किनारा मार्गाचे काम वरळीला पोहोचले, तेव्हा क्लीव्हलँड बंदरावरून समुद्रात जाणाऱ्या कोळ्यांनी हरकत घेतली. पुलाच्या खांबांमध्ये साठ मीटरचे अंतर आखले होते. वारा, ओढ आणि खडक यांच्या खेळात भरतीच्या वेळी होडी इतक्या फटीतून सुखरूप नेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याजवळ नकाशा नव्हता. खडकांची नावे, ओढीची दिशा आणि बापाकडून मुलाकडे आलेला सराव होता. आराखड्यावर तेथे सपाट निळा रंग होता.

२८/ काम अडवले गेले, बैठका झाल्या. ‘हे लोक विकासाच्या आड येतात’ अशी टीका करणाऱ्यांत सात बेटांचा नकाशा अभिमानाने मिरवणारी पानेही होती. अखेरीस डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने एका गाळ्यातील अंतर साठऐवजी एकशेवीस मीटर करण्याचे मान्य केले. कोळ्यांची मूळ मागणी दोनशे मीटरची होती.